जुन्या पिकअपच्या हेडलाईटचा त्रास : बेळगाव-खानापूर-निपाणी भागातल्या गाडीवाल्यांचे नेहमीचे प्रश्न

आपल्या भागात जुन्या पिकअपना काही तोटा नाही. बोलेरो पिकअप, टाटा २०७, टाटा एस, आणि कुणाच्या दारात अजून गोल लाईटची जुनी महिंद्रा. धंदा बहुतेक अंधारातला, भाजी घेऊन गोव्याला निघायचं तर मध्यरात्रीनंतर, दूध डेअरीला पहाटे, उसाच्या हंगामात तर रात्र-दिवस काही फरकच नाही. आणि लाईट गेली की जो तो पहिल्यांदा नवीन बल्ब आणतो. तो लावला की दोन दिवस बरं चालतं, परत तेच. म्हणून हे सगळं एका जागी लिहून ठेवलंय. जुन्या गाडीत बल्बपेक्षा अर्थिंग (बल्बची बॉडीला जोडलेली मायनसची वाट), होल्डर (बल्बच्या मागं बसणारी पिनांची टोपी) आणि कप्लर (वायरी जोडणारा प्लग) जास्त वेळा दोषी असतात, आणि त्यांचा दोष लाईट चालू ठेवून मोजल्याशिवाय सापडत नाही. एवढं डोक्यात ठेवून पुढचं वाचा.

खालचं सगळं १२ व्होल्टच्या आणि तीन पिनांच्या एच-फोर बल्बच्या (एकाच बल्बात जवळची-लांबची दोन्ही लाईट) गाडीला धरून आहे. जुन्या पिकअप बहुतेक त्यातल्याच.

लाईट गेली, सुरुवात कुठनं करू?

बॉनेट उघडायच्या आधी गाडीत बसून नीट बघा काय काय गेलंय ते, निम्मं काम तिथंच होतं. एका बाजूची लाईट गेली की दोन्ही बाजूंची? फक्त डिपर (खालची, जवळची लाईट) गेलाय, फक्त अप्पर (वरची, लांबची लाईट) गेलाय, की दोन्ही? पार्किंग लाईट लागते का? मीटरमधला अप्परचा निळा दिवा लागतो का? हॉर्न वाजतो का?

एकाच बाजूचा एकच बीम गेला असेल तर बहुतेक बल्बची ती फिलामेंट (आतली तापणारी तार) तुटलीय. एकाच बाजूचे दोन्ही बीम एकदम गेले तर बल्बवर लगेच संशय घेऊ नका, दोन फिलामेंट एकाच वेळी तुटणं तसं कमीच, पहिलं अर्थिंग आणि होल्डर बघा. दोन्ही बाजूंचा फक्त डिपर गेला तर फ्यूज, रिले (स्विचच्या इशाऱ्यावर करंट जोडणारी डबी) नाहीतर स्टिअरिंगखालचा कॉम्बिनेशन स्विच. आणि सगळंच काळोख असेल, पार्किंगसुद्धा नाही, तर बॅटरीच्या टर्मिनलपासून सुरू करा. काही गाड्यांत डाव्या-उजव्या लाईटला वेगळे फ्यूज असतात, तिथं एक बाजू गेली तरी फ्यूज बघावाच लागतो. फ्यूज बॉक्सच्या झाकणावर आत चित्र असतं (झाकण शिल्लक असेल तर).

एकच बाजू बंद आहे, मल्टिमीटर नाही, गॅरेज लांब आहे, कसं बघू?

दोन्ही बाजूंचे बल्ब अदलाबदल करा. एवढं सोपं आहे पण करत कोण नाही. दोष बल्बाबरोबर दुसऱ्या बाजूला गेला तर बल्ब खराब. दोष आहे त्याच बाजूला राहिला तर बल्ब चांगला आहे, वायरिंग बघा.

बल्ब काढताना मागचा रबरी बूट हळू काढा, जुना झाला की फाटतो, आणि फाटलेल्या बुटातनं पाणी आत जातं म्हणजे पुढच्या पावसाळ्याचा खर्च आत्ताच करून ठेवला. स्प्रिंगची क्लिप कुठल्या बाजूला उघडते ते बघून ठेवा. होल्डर ओढताना वायर धरून ओढू नका, होल्डर धरून ओढा. काढल्यावर होल्डरच्या तिन्ही पिना बघा. प्लास्टिक तपकिरी झालंय, वितळलंय, पिनेवर हिरवट थर आहे, नाहीतर पिन सैल होऊन मागं सरकलीय, यातलं काहीही दिसलं की गुन्हेगार सापडला. असला होल्डर घासून चालवायच्या भानगडीत पडू नका, एकदा तापून सैल झालेली पिन परत घट्ट पकडत नाही. नवीन होल्डर स्वस्त मिळतो, शक्यतो सिरॅमिकचा घ्या.

दुकानात बल्ब मागितला तर दहा प्रकारचे दाखवतात. नेमका कुठला घ्यायचा?

एच-फोर, १२ व्होल्ट, ६०/५५ वॅट. बल्बच्या पत्र्यावर हे छापलेलं असतं, दुकानातच वाचून घ्या. ६० म्हणजे अप्परची फिलामेंट, ५५ म्हणजे डिपरची. बेळगावच्या पीबी रोडला काय नि ऑटो नगरात काय, मोठ्या ट्रकांची गिऱ्हाइकंही तिथंच येतात आणि त्यांचा २४ व्होल्टचा एच-फोर दिसायला सारखाच असतो, बसतोही तसाच. घाईत तो हातात आला आणि १२ व्होल्टच्या गाडीत लावला तर तो नुसता लालसर मिणमिणतो, आणि माणूस मग आठवडाभर वायरिंग शोधत बसतो.

१००/९० वॅटचा बल्ब "जादा उजेड" म्हणून खपवतात. ६० वॅटची फिलामेंट १२ व्होल्टवर ५ अँपिअर घेते, दोन्ही बाजूंचे मिळून १०. शंभर वॅटचे दोन लावले की तेच साधारण १७ अँपिअरवर जातं. जुन्या गाडीची वायर, प्लास्टिकचा होल्डर आणि स्विच एवढ्यासाठी केलेले नसतात. होल्डर वितळतो, स्विच जळतो, रिफ्लेक्टरची चमक उडते. शिवाय बारीक वायरीतून जादा करंट ओढला की वाटेतच व्होल्टेज पडतं, म्हणजे पैसे शंभर वॅटचे दिले तरी उजेड तेवढा मिळतच नाही.

आणि काचेला बोट लावू नका. हाताचं तेल काचेवर राहतं, हॅलोजनची काच लई तापते, आणि तेल लागलेल्या जागी ती लवकर निकामी होते. चुकून लागलंच तर स्पिरिटनं पुसा आणि वाळल्यावर लावा.

स्विच टाकला तर लाईट लागंना, पण पासिंग मारलं की लागते. हे काय वो?

ही चांगली बातमी समजा. बहुतेक गाड्यांत पासिंगला (दांडी ओढून लाईट चमकवायला) वेगळा सप्लाय असतो, तो लाईटच्या मुख्य स्विचमधून येत नाही. म्हणजे पासिंगवर अप्पर लागतोय तर बल्बची अप्परची फिलामेंट चांगली आणि अर्थिंगही चालू आहे. दोष लाईटच्या स्विचमध्ये, त्याच्या फ्यूजमध्ये नाहीतर रिलेमध्ये. पण पासिंग फक्त अप्पर दाखवतं, डिपरच्या फिलामेंटचा त्यावरून काही पत्ता लागत नाही, तेवढं ध्यानात ठेवा.

फ्यूज उडतोय. मोठा टाकू का?

नाही. तार तर अजिबात टाकू नका.

फ्यूज उडतो कारण बहुतेक कुठंतरी वायर बॉडीला लागतेय. मोठा फ्यूज नाहीतर तांब्याची तार टाकली की फ्यूज उडायचा थांबतो आणि वायर जळायला लागते, आणि ती वायर डॅशबोर्डच्या मागून, बाकीच्या सगळ्या वायरींच्या जुडग्यातून गेलेली असते. ब्लेड फ्यूजचे रंग ठरलेले आहेत, १० अँपिअर लाल, १५ निळा, २० पिवळा, ३० हिरवा. बॉक्सवर १५ लिहिलंय आणि आत हिरवा बसलाय तर आधीच्या कुणीतरी हा उद्योग करून ठेवलाय असं समजा.

शोधायचं कसं? दोन्ही बल्बचे होल्डर काढा, नवीन बरोबर रेटिंगचा फ्यूज टाका आणि स्विच चालू करा. बल्ब जोडलेले नसताना पण उडाला तर वायर कुठंतरी घासलीय. बघायच्या जागा म्हणजे रेडिएटरच्या बाजूची चौकट, हेडलाईटच्या मागं पत्र्याला भोक पाडून वायर जिथनं आत जाते ती जागा (तिथला रबर पडलेला असतो), आणि आधी कधी ठोकर बसून डेंटिंग झालेली बाजू. डेंटिंगवाल्यानं वायर पत्र्याखाली चेपलेली मी बघितलीय. होल्डर काढल्यावर उडंना आणि एक बाजू जोडल्याबरोबर उडाला तर त्या बाजूचा बल्ब नाहीतर होल्डर आतनं शॉर्ट आहे.

रिले गेलाय हे कसं कळतं?

रिलेवर बोट ठेवा आणि दुसऱ्याला स्विच मारायला सांगा. टिक लागली तर कॉइल काम करतेय, पण आतले पॉइंट जळलेले असू शकतात, त्यामुळं टिक आली म्हणजे रिले चांगला असं नाही. सोपा उपाय म्हणजे हॉर्नचा रिले सारख्याच नंबराचा असेल तर तो तिथं लावून बघा. लाईट लागली तर रिलेच होता. काही फार जुन्या गाड्यांत हेडलाईटला रिलेच नसतो, सगळा करंट स्विचमधूनच जातो, त्याचं पुढं सांगतो.

लाईट लागते पण मिणमिणते. बल्ब नवीन, बॅटरी नवीन. आता काय बदलू?

काही बदलू नका, आधी मोजा. सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आणि सगळ्यात जास्त पैसे वाया जातात ते पण इथंच.

हॅलोजन बल्बचा उजेड व्होल्टेजवर फार अवलंबून असतो. बल्बपाशी व्होल्टेज १० टक्के कमी पोचलं तर उजेड साधारण ३० टक्के कमी होतो. म्हणजे बॅटरीपाशी साडेतेरा आहेत आणि बल्बपाशी बारा-सव्वाबारा, एवढ्यानंच लाईट पिवळी दिसते, आणि अकरावर आली तर समोरचा खड्डा चाकाखाली आल्यावरच कळतो.

साधा डिजिटल मल्टिमीटर घ्या, २० व्होल्ट डीसीवर ठेवा. इंजिन चालू, लाईट चालू, बल्ब होल्डरमध्ये बसलेला. हे शेवटचं विसरू नका. बरेच जण होल्डर काढून मोकळ्या पिनेवर मीटर लावतात, साडेबारा दाखवतो, आणि म्हणतात सप्लाय तर बरोबर आहे. बल्ब जोडलेला नसेल तर करंटच वाहत नाही, आणि करंट नसेल तर सडलेली वायरसुद्धा पूर्ण व्होल्टेज दाखवते. जोर लावल्याशिवाय दोष बाहेर येत नाही.

पहिलं बॅटरीच्या दोन टर्मिनलवर मोजा. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४ यायला पाहिजे. इंजिन बंद असताना चांगली भरलेली बॅटरी १२.६ च्या आसपास असते. चालू असताना पण बारा-साडेबाराच दाखवत असेल तर आल्टरनेटर नाहीतर त्याचा बेल्ट बघा, हेडलाईटचा काही दोष नाही.

बॅटरी ठीक असेल तर मल्टिमीटरची काळी वायर बॅटरीच्या मायनसला ठेवून लाल वायरीची सुई होल्डरच्या मागून डिपरच्या पिनेला टेकवा. बॅटरीच्या मानानं अर्ध्या व्होल्टपर्यंत फरक चालतो. एक व्होल्टच्या वर गेला तर प्लसच्या वाटेत अडथळा आहे. मग त्याच वाटेनं मागं मागं या, होल्डर, कप्लर, रिले, फ्यूज, स्विच, जिथं आकडा एकदम उडी मारतो तिथं दोष.

मग अर्थिंग. काळी वायर बॅटरीच्या मायनसलाच राहू द्या, लाल सुई होल्डरच्या अर्थच्या पिनेला लावा, लाईट चालूच. इथं जवळजवळ शून्य यायला पाहिजे, ०.२ पर्यंत ठीक. अर्धा-एक व्होल्ट दिसला तर तेवढं व्होल्टेज बल्बला न मिळता वाटेतच खपतंय. दहा मिनिटांचं काम आहे, आणि एवढ्यावर जे कळतं ते तीन बल्ब बदलून कळत नाही.

डिपर टाकला की एका बाजूचा बल्ब मंद लागतो आणि मीटरमधला अप्परचा निळा दिवा पण बारीक लागतो. गाडीत भूत शिरलंय काय?

अर्थिंग गेलंय त्या बाजूचं. या दोषाला लोक लई घाबरतात, पण एकदा कसं चालतं ते कळलं की मजा वाटते.

एच-फोर बल्बमध्ये दोन फिलामेंट आणि दोघींची अर्थची पिन एकच. ती पिन तुटली की डिपरच्या फिलामेंटमधून आलेल्या करंटला बॉडीकडं जायला वाट उरत नाही. मग तो त्याच बल्बच्या अप्परच्या फिलामेंटमधून उलटा बाहेर पडतो, अप्परच्या वायरीत शिरतो, आणि तिथून दुसऱ्या बाजूच्या चांगल्या बल्बच्या अप्परमधून नि मीटरच्या निळ्या दिव्यातून अर्थ शोधतो. सगळ्या फिलामेंट माळेत जोडल्यासारख्या होतात, म्हणून सगळ्याच थोड्या थोड्या मंद लागतात. इंडिकेटर टाकला की हेडलाईट पण त्याच तालावर कमी-जास्त होते, त्यातलंही बऱ्याच वेळा मूळ हेच, त्या कोपऱ्यातले सगळे दिवे मिळून एकच अर्थ वापरतात आणि तो सैल झालेला असतो.

उपाय काय, तर हेडलाईटच्या जवळ बॉडीला बोल्टनं आवळलेली अर्थची वायर शोधा. बोल्ट काढा, पत्र्यावरचा गंज आणि पेंट पॉलिश पेपरनं घासून लखलखीत करा, वायरीची रिंग गंजलेली असेल तर नवीन क्रिम्प करा, घट्ट आवळा आणि वरून थोडं ग्रीस नाहीतर पेट्रोलियम जेली लावा. गाडीला नवीन पेंट मारला आणि तेव्हापासनं लाईट मंद झाली असं कुणी म्हटलं तर पहिला बघायचा बोल्ट हाच, पेंटवाला रिंगखाली पण रंग मारून जातो. आणि बॅटरीच्या मायनसची इंजिनला नि चासीला जाणारी जाड पट्टी पण त्याच दिवशी साफ करून घ्या.

पंधरा-वीस मिनिटं गाडी चालली की लाईट जाते, स्विच हलवला की परत येते.

कॉम्बिनेशन स्विचच्या आतले पॉइंट जळालेत. थंड असताना लागतात, करंट वाहून तापले की सोडतात. हात लावून बघा, स्टिअरिंगखालचं कव्हर गरम लागेल, कधी जळका वास पण येतो. स्विच उघडून पॉइंट घासणारे आहेत, पण आतल्या बारीक स्प्रिंग नि गोळ्या उडून गेल्या की मग गाडी जागेवरच. नवीन स्विच टाका, आणि टाकायच्या आधी रिले बसवून घ्या, नाहीतर नवीन पण त्याच वाटेनं जाईल.

रिले किट बसवायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

जुन्या गाडीसाठी पैशाच्या मानानं यासारखं दुसरं काम नाही. आत्तापर्यंत बल्बचा सगळा करंट बॅटरीतून डॅशबोर्डला, स्विचमधून फिरून परत पुढं येत होता. रिले लावला की स्विच फक्त रिलेला इशारा देतो, आणि बल्बचा करंट बॅटरीतून जवळच्या वाटेनं थेट जातो.

दोन रिले लागतात, एक अप्परला, एक डिपरला. रिलेच्या पिनांवर आकडे असतात. ३० ला बॅटरीच्या प्लसवरून येणारी वायर, आणि त्या वायरीत बॅटरीच्या अगदी जवळ १५ नाहीतर २० अँपिअरचा फ्यूज. तो फ्यूज रिलेपाशी बसवला तर बॅटरी ते रिले एवढी वायर उघडी राहते, म्हणून बॅटरीजवळच. ८७ वरून बल्बला. ८६ ला जुन्या होल्डरला येणारी वायर, ८५ अर्थ. वायर अडीच स्क्वेअर एमएमची घ्या, आणि बल्बची अर्थपण त्याच जाडीची नवीन टाका, फक्त प्लस जाड करून उपयोग नाही. तयार किट मिळतात पण त्यातली वायर बारीक आहे का ते सोलून बघा, वरचं प्लास्टिक जाड आणि आतलं तांबं चार केसांचं असं पण येतं.

वायरींच्या रंगावर विश्वास ठेवून जोडू नका. कंपनीतून आली तेव्हा जे रंग होते ते आता असतीलच असं नाही, मधल्या मालकांनी काय काय केलंय कुणाला माहीत. टेस्ट लॅम्प (वायरीत करंट आहे का ते दाखवणारा छोटा दिवा) लावून एकेक वायर ओळखा. काही गाड्यांत स्विच प्लसऐवजी अर्थ तोडतो-जोडतो, तिथं हीच जोडणी चालत नाही, टेस्ट लॅम्पवर ते पण कळतं.

बल्ब सारखे उडतात, महिना-दोन महिन्यांत एक.

इंजिन रेस करून बॅटरीवर मोजा. १५ च्या वर जात असेल तर आल्टरनेटरचा रेग्युलेटर गेलाय. व्होल्टेज ५ टक्के जास्त राहिलं तरी बल्बचं आयुष्य जवळपास निम्मं होतं. बॅटरीतलं पाणी सारखं कमी होणं ही त्याचीच खूण. ते ठीक असेल तर हेडलाईटचं युनिट हातानं हलवून बघा. प्लास्टिकचे कान तुटलेले असतात आणि सगळं युनिट हादरत असतं, आपले रस्ते तुम्हाला सांगायला नकोत. एकाच बाजूचा उडत असेल तर हेच, नाहीतर वरून पाणी गळतंय.

पावसाळ्यात काचेत पाणी साचतं. सिलिकॉन मारून बंद करू?

जांबोटी, कणकुंबीकडं ज्यांची रोजची फेरी आहे त्यांचा हा हक्काचा प्रश्न. सकाळी काचेला आतून धुकं धरलं आणि लाईट लावून थोड्या वेळात गेलं तर सोडून द्या. थेंब ओघळत असतील, नाहीतर तळाला पाणी डुचमळत असेल तर वाट शोधा. मागचा रबरी बूट फाटलाय का, काच आणि युनिटच्या जोडाला भेग आहे का, पार्किंगच्या छोट्या बल्बचा रबर आहे का.

सगळीकडं सिलिकॉन मारायची घाई करू नका. युनिटला हवा खेळायला बारीक नळी नाहीतर भोक असतं, ते पण बुजलं की आतली वाफ आतच राहते आणि रिफ्लेक्टर काळा पडतो. युनिट काढा, दोन दिवस कोरडं होऊ द्या, भेग असेल तेवढीच भरा. आणि सर्व्हिसिंगला प्रेशरचं पाणी बॉनेटच्या आत हेडलाईटच्या पाठीमागं मारू देऊ नका.

उंदरांनी वायर खाल्ली.

भाताच्या, मक्याच्या खळ्याजवळ गाडी लावली की हे होणारच. खाल्लेल्या वायरी नुसत्या पिळून टेप मारू नका, पावसात तिथंच हिरवं धरतं. सोल्डर करा नाहीतर क्रिम्प करा, वर हीट श्रिंक, वर नालीची पाईप. तंबाखूची पुडी, डांबर गोळ्या, सगळे उपाय लोक करून बघतात, निपाणीकडच्या उंदराला तंबाखूचं काय एवढं कौतुक असणार. गाडी धान्यापासून लांब लावा आणि बॉनेटमध्ये चिंध्या, गवत राहू देऊ नका.

काच पिवळी पडलीय, पेस्ट लावून जाते का?

काच खरी काच असेल तर पिवळी पडतच नाही, मळ असेल तो साबणानं जातो. प्लास्टिकची असेल तर टूथपेस्टनं थोडे दिवस बरी दिसते आणि परत तशीच होते. नीट करायचं तर ८००, १०००, २००० नंबरचा पाणीपेपर क्रमानं मारून पॉलिश करा आणि वर यूव्ही क्लिअर कोट मारा. कोट नाही मारला तर कष्ट फुकट.

आतला रिफ्लेक्टर मात्र पुसू नका. त्याच्यावरचा चंदेरी थर इतका पातळ असतो की फडक्याबरोबर निघून येतो. तो काळा किंवा पांढुरका झाला असेल तर युनिट बदलणं हाच उपाय. गोल सात इंची लाईटची जुनी गाडी असेल तर तुमचं नशीब चांगलं, एच-फोर बल्ब बसणारं सात इंची युनिट अजून सहज मिळतं, जुना सील्ड बीम (बल्ब न निघणारं बंद युनिट) काढून ते बसवता येतं.

एलईडी टाकली तर सगळा प्रश्नच मिटंल की?

तुमचा मिटेल, समोरच्याचा सुरू होईल. एच-फोर बल्बमध्ये डिपरच्या फिलामेंटखाली पत्र्याची छोटी वाटी असते, ती खालचा उजेड अडवते म्हणून डिपरचा प्रकाश वर जात नाही. रिफ्लेक्टर त्या फिलामेंटची जागा धरूनच घडवलेला असतो. स्वस्त एलईडीत प्रकाश निघायची जागाच वेगळी, त्यामुळं उजेड पसरतो, झाडावर जातो, समोरच्याच्या डोळ्यात जातो, आणि रस्त्यावर जवळच पांढरं फटफटीत नि लांब काळोख. चोर्ला घाटाच्या वळणावर असली गाडी समोर आली की काय होतं ते प्रत्येकाला माहीत आहे. धुक्यात तर पांढरा उजेड तुमच्याच डोळ्यावर परत येतो. आणि मूळ दोष अर्थिंगचा असेल तर एलईडी पण लुकलुकणारच.

माझं मत सरळ आहे, चांगल्या कंपनीचा ६०/५५ हॅलोजन, रिले आणि स्वच्छ अर्थिंग एवढं केलं की जुनी पिकअप घाटाला पुरते.

समोरचे सगळे मला अप्पर मारतात. मी तर डिपरवर असतो.

तुमची लाईट वर गेलीय. एकतर बल्ब तिरका बसलाय, त्याचे तीन कान खाचेत बसून क्लिप लागली पाहिजे. नाहीतर सेटिंग गेलंय.

गाडी सपाट जागेवर भिंतीपासून ५ मीटरवर उभी करा, हवा बरोबर भरलेली. जमिनीपासून बल्बच्या मध्यापर्यंतची उंची मोजा, भिंतीवर तेवढ्या उंचीवर खडूनं रेघ मारा. डिपरच्या उजेडाची वरची कड त्या रेघेच्या साधारण ५ सेंटिमीटर खाली यायला पाहिजे, १० मीटरवर उभी केली तर १० सेंटिमीटर. आपल्याकडं डावीकडनं गाडी चालवतात म्हणून डाव्या बाजूला उजेड थोडा वर चढलेला असतो, तो तसाच राहू द्या, त्याच्यावरच कडेनं चालणारा माणूस दिसतो.

पिकअपचं वेगळं दुखणं म्हणजे लोड. मागं माल भरला की पाटे (चाकावरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या) बसतात, नाक वर होतं, आणि रिकामी असताना बरोबर असलेली लाईट ढगात जाते. म्हणून नेहमी जेवढा माल असतो तेवढा भरूनच सेट करा. काही गाड्यांत डॅशबोर्डवर लाईट खाली-वर करायचं चाक असतं, बऱ्याच जणांना ते कशासाठी आहे तेच माहीत नसतं.

रात्री घाटात दोन्ही लाईट गेल्या तर?

पहिलं हॅझर्ड आणि हळूहळू डावीकडं, वळणावर थांबू नका. डिपर गेला असेल तर अप्पर मारून बघा, अप्पर गेला असेल तर डिपर, दोघांचा फ्यूज बऱ्याच वेळा वेगळा असतो. फ्यूज उडालेला दिसला तर रेडिओचा नाहीतर मोबाईल चार्जरचा त्याच अँपिअरचा काढून लावा, पावसात वायपरचा काढू नका म्हणजे झालं. ते पण नाही चाललं तर बॅटरीच्या प्लसवरून फ्यूज असलेली वायर थेट डिपरच्या पिनेला जोडून जवळच्या गावापर्यंत येता येतं, होल्डरची जुनी वायर आधी बाजूला काढून. मोबाईलच्या टॉर्चवर गाडी हाणायची नाही. हंगामात उसाच्या ट्रॉल्या मागं एक दिवा नसलेल्या उभ्या असतात, रायबाग-चिक्कोडीकडं तर रांगेनं.

फिटनेसला अडवतात का? पलीकडं कोल्हापुरात चालतं म्हणतात.

आरटीओच्या फिटनेस तपासणीला हेडलाईट बघतातच. मालवाहू गाडी आठ वर्षांच्या वरची झाली की फिटनेस दर वर्षी, आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी. नियम केंद्राचे आहेत, केए-२२ असो, केए-२३ असो नाहीतर एमएच-०९, काही फरक नाही. सूर्य मावळल्यावर अर्ध्या तासानं लाईट चालू पाहिजे ती उगवायच्या अर्धा तास आधीपर्यंत, आणि धुक्या-पावसात दिसत नसेल तेव्हा दिवसासुद्धा. जाण्याच्या आदल्या दिवशी धावपळ करण्यापेक्षा पंधरा दिवस आधी भिंतीवर लाईट मारून बघा.

इलेक्ट्रिशियनकडं नेताना काय सांगू?

"लाईट बघा वो" एवढंच सांगितलं तर तो बल्ब बदलून देईल, त्याचा पण दोष नाही, मागं सहा गाड्या उभ्या असतात. कन्नडमध्ये बोला, मराठीत बोला, पण नेमकं सांगा, कुठली बाजू, कुठला बीम, थंड असताना की गरम झाल्यावर, पावसानंतर की कधीही, बल्बपाशी किती व्होल्ट मिळाले आणि अर्थवर किती. आकडे सांगितले की तो सरळ त्या जागी हात घालतो. काढलेले जुने पार्ट मागून घ्या आणि जुना बल्ब चांगला निघाला तर स्पेअर म्हणून डब्यात ठेवा.

गाडीत कायम काय ठेवू?

एक ६०/५५ बल्ब खोक्यासकट, १० आणि १५ चे दोन-दोन फ्यूज, एक रिले, टेस्ट लॅम्प, मीटरभर वायर, टेप, पॉलिश पेपरचा तुकडा आणि बॅटरीचा टॉर्च. बल्ब डॅशबोर्डच्या खणात पान्यांबरोबर नुसता टाकू नका, लागेल त्या दिवशी फुटलेला निघतो.